गोधडीतली बोट

बचावदलाचा फोन आला तेव्हा शलाका तारी एका नव्या बोटीच्या पोटात, भिंतीला कान लावून बसली होती. बाहेर दोघेजण हातोड्यांनी पत्रा बडवत होते आणि आत तिला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. ही तिची नेहमीची चाचणी. समाधानाने ती उठणार, तोच वरच्या झाकणातून कोणीतरी फोन आत धरला.

"तुमच्या अस्तराची एक बोट उलटलीय," पलीकडून कमांडर नाडकर्णी बोलत होते. "कुणकेश्वरच्या समोर, बरीच आत समुद्रात. एका मालवाहू जहाजाची धडक बसली. बोट पालथी तरंगतेय. तिघांना पाण्यातून काढलंय, दोघं आत असावेत. पण आतलं आम्हाला काही कळतच नाहीये. तुम्ही येऊ शकाल का?"

"बोटीचं नाव काय?"

"सातेरी."

शलाकाने भिंतीला हात टेकला. सातेरी तिच्या भावाची, दिगंबरची बोट होती.

धक्क्यावर पोचली तेव्हा बाबा आधीच बचावदलाच्या लाँचमध्ये बसलेले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं आणि उतरा म्हणायची कोणाची छाती झाली नव्हती. जन्मभर तांडेलकी केलेला, बोटी हाकलेला माणूस. गुडघ्यांवर तळवे ठेवून ताठ बसला होता.

"फुडच्या केबिनीत आसतलो तो," ते म्हणाले. "जेवलो की निजता. माका म्हायत आसा."

लाँच सुटली. मे महिन्याचं ऊन पाण्यावरून उलटून तोंडावर येत होतं.

सातेरी पोलादी बोट होती, जशा आता किनाऱ्यावरच्या बहुतेक सगळ्याच. सागाचं लाकूड परवडेनासं झालं त्याला बरीच वर्षं झाली होती. मग फायबरच्या बोटी आल्या, पण मोडक्या फायबरचे ढीग खाड्यांमध्ये साचू लागल्यावर त्यांच्यावरही बंदी आली. राहिला तो पत्रा. आणि पत्र्याच्या बोटी पाण्यात उतरल्या त्या नेमक्या अशा काळात, जेव्हा उन्हाळा दरवर्षी एकेक पायरी वर चढत होता. दुपारी केबिनच्या भिंतीला पाठ टेकता येत नसे. इंजिनाची धडधड पत्र्यातून हाडांत उतरे. तिशीतले खलाशी एकमेकांशी ओरडून बोलत. एका वैशाखात दिगंबरने आपल्या एका खलाशाला खांद्यावर टाकून धक्क्यावर आणलं होतं. उष्माघात. तो माणूस परत उठला नाही. त्या संध्याकाळी दिगंबर बहिणीला म्हणाला होता, "तू एवढी शिकलंस ना? मग ह्या तव्याचा कायतरी कर."

तिने केलं. पदार्थविज्ञानातली नोकरी सोडून ती देवगडला परतली आणि तिच्या हातून ते अस्तर तयार झालं. कंपनीने त्याला भारदस्त नाव दिलं होतं, पण बंदरावर सगळे त्याला गोधडीच म्हणत. गोधडीसारखेच त्याला थर होते. पत्र्याला चिकटलेला पहिला थर जवळजवळ हवेचाच. काचेच्या अतिसूक्ष्म जाळीत कोंडलेली हवा. कोंडलेली हवा हलत नाही, आणि न हलणारी हवा उष्णता पुढे नेत नाही. दुसरा थर आवाजासाठी. मऊ रबरात मोहरीएवढे जड मणी बसवलेले. आवाज म्हणजे थरथर. ती रबरापर्यंत आली की हे मणी तिच्या उलट्या दिशेने झुलायला लागत. ती पुढे ढकलू पाहील तेव्हा हे मागे ओढत, आणि थरथर तिथल्या तिथे जिरून जाई. मण्यांचं वजन आणि रबराचा मऊपणा तिने असा जुळवला होता की इंजिनाच्या धडधडीपासून माणसाच्या किंकाळीपर्यंतचा सगळा पट्टा त्यात बुडावा. तिसरा थर आतल्या बाजूचा, टणक. मासे कापायच्या सुरीचाही ओरखडा न घेणारा. सगळं मिळून दोन बोटं जाड.

खरं कसब पुढेच होतं. भिंत कितीही झाकली तरी एखादा उघडा खिळा, एखादी कडी पुरे. उष्णतेला आणि आवाजाला तेवढी चोरवाट बस होते. शलाकाने अशा चोरवाटा उष्णता दाखवणाऱ्या कॅमेऱ्याने हुडकून एकेक बुजवल्या होत्या. सातेरी ही तिची पहिली बोट, म्हणून तिच्यावर तिने सर्वांत जास्त जीव लावला होता. पहिल्या फेरीनंतर खलाशी केबिनमध्ये पांघरूण घेऊन झोपले होते. बाबा तर लेकीचं कौतुक बंदरभर सांगत फिरले, "माझ्या चेडवान केल्यान!"

लाँचमध्ये तिचा फोन वाजला. कंपनीचे संचालक विद्वांस.

"शलाका, मला आत्ताच कळलं. फार वाईट झालं. पण ऐक, तिथे तज्ज्ञ म्हणून काही विधान करू नकोस. जहाजाचा भोंगा ऐकूच आला नाही, असं कोणी खलाशी म्हणतोय म्हणे. राज्यभरच्या बोटींचं काम आपल्या हातात येतंय. चौकशी होईपर्यंत तोंड उघडायचं नाही."

"आत माझा भाऊ आहे, सर," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

सातेरीचं पालथं पोट दुरूनच दिसलं. शेवाळलेला लाल रंग, वर आलेला, बोट पुढे रेटणारा पंखा, आणि भोवती पसरलेली जाळी. शेजारी बचावदलाचं जहाज उभं होतं. त्याच्या डेकवर, वाचवलेल्या तिघांपैकी एक, खलाशी नझीर ब्लँकेट गुंडाळून बसला होता.

"भोंगा ऐकलाच नाही, ताई," तिला पाहताच तो म्हणाला. "उकाडा म्हणून वरच्या केबिनची दारं लावून घेतली होती. आतमध्ये शांत. वर मान केली तर जहाज अंगावर."

"दादा कुठे होता?"

"दिगूभाऊ आणि मंजुनाथ जेवायला खाली गेले होते. पुढच्या केबिनमध्ये. त्यानंतरचं मला ठाऊक नाही."

कमांडर नाडकर्णी मितभाषी माणूस होते. त्यांनी तिला सरळच सांगितलं. उलटलेल्या बोटीत हवा कोंडून राहते आणि त्या हवेत माणसं बराच वेळ जगू शकतात. म्हणून पाणबुडे आधी पत्र्यावर हातोडा मारतात आणि कान लावून उत्तराची वाट पाहतात. "आम्ही पुढून मागेपर्यंत ठोकलं. उत्तर नाही. कॅमेऱ्यात उष्णता नाही. एरवी याचा अर्थ एकच असतो."

"इथे त्याचा काहीच अर्थ नाही," शलाका म्हणाली. "तुमचं ठोकणं आत पोचलंच नसेल. त्यांनी आतून ठोकलं असेल तर ते तुमच्यापर्यंत आलं नसेल. आत माणसं जिवंत असोत वा नसोत, बाहेर एवढंच ऐकू येणार."

"म्हणजे शांतता."

"हो. ती मीच केलीय."

कमांडरांनी पाण्यात पसरलेल्या जाळ्यांकडे बोट दाखवलं. मग म्हणाले, "डेकच्या बाजूला सगळी जाळी अडकलीत. ती कापत आत शिरावं लागेल. पुढच्या केबिनला एक वाट, इंजिनरूमला दुसरी. एका वेळी एकच जमेल, आणि बोट हळूहळू बसतेय. दुसऱ्यासाठी वेळ मिळेलच असं सांगता येत नाही. कुठे जाऊ?"

"फुडे," मागून बाबा म्हणाले.

शलाकाने डोळे मिटून बोट आठवली. प्रत्येक फळी, प्रत्येक कडी. कुठे राहिलं होतं उघडं लोखंड? पुढच्या केबिनमध्ये कुठेच नाही. खिडकीच्या बोल्टांनासुद्धा तिने टोप्या घातल्या होत्या. इंजिनरूममध्ये? तिथेही भिंती, छत, पाइप, सगळं झाकलेलं. फक्त फिरणाऱ्या वस्तूला अस्तर लावता येत नाही.

"पंखा!" ती ओरडली. "पंख्याचा दांडा सरळ इंजिनापर्यंत जातो. तो उघडा आहे. पंख्यावर ठोका!"

कंबरेला दोर बांधून तिला बोटीच्या पोटावर उतरवलं. पत्रा तापला होता, तळवे भाजत होते. ती सरपटत मागे गेली, पंख्याच्या पात्याला तिने कान चिकटवला आणि पाणबुड्याला खूण केली. त्याने बुंध्यावर हातोडा मारला. तीन ठोके.

लाटा. दोराची करकर.

पुन्हा तीन.

आणि मग दांड्यातून, खूप खोलातून आल्यासारखे, तीन ठोके परत आले. घाईघाईचे, एकावर एक पडणारे. मागोमाग आणखी, आणखी. थांबायलाच तयार नव्हते.

"आहे!" पाणबुड्या ओरडला. "इंजिनरूममध्ये माणूस आहे!"

एक की दोन, ते ठोक्यांवरून कळायला मार्ग नव्हता. शलाका जहाजाच्या शिडीला लागली तेव्हा बाबा कठड्यावर वाकून उभे होते.

"बाबा, आवाज मागसून इलो."

"तो फुडे आसा," ते म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "माझ्या झिलाक मी वळाखतंय. तू त्यांका फुडे धाड."

कमांडर तिच्या शब्दाची वाट पाहत होते. ती म्हणेल तिकडे ते जाणार, हे तिला कळलं. मागचे ठोके कदाचित दादाचे असतील. कदाचित दोघांचे. कदाचित एकट्या मंजुनाथचे. कारवारचा तो विशीतला पोरगा, ज्याची आई प्रत्येक दिवाळीला त्यांच्याकडे शेवेचा डबा पाठवत असे. पुढच्या केबिनमध्ये दादा जागा असेल, मुठी आपटत असेल, आणि त्याच्या प्रत्येक ठोक्याला तिचे मोहरीएवढे मणी उलटे झुलून गिळत असतील. पण ते 'असेल' होतं. मागचे ठोके होते.

"मागे जा," ती म्हणाली.

बाबांनी तिच्या खांद्यावरचा हात काढून घेतला.

पाणबुडे गेले. पाण्यावर बुडबुडे येत राहिले आणि जाळीचे कापलेले तुकडे. सातेरीचं नाक मघापेक्षा खाली गेलं होतं. पुढच्या बाजूची लाल पट्टी आता पाण्याखाली होती. मग बुडबुड्यांमध्ये एक डोकं वर आलं, त्याच्या शेजारी दुसरं, तोंडावर हवेचा मुखवटा लावलेलं. डेकवर आणून मुखवटा काढला.

मंजुनाथ होता.

खोकल्याची उबळ ओसरताच तो शलाकाकडे बघून रडायला लागला. "दिगूभाऊ पुढे, अक्का. झोपला होता. मी इंजिनचं पाणी बघायला मागे आलो, आणि..."

बाबा तिथेच डेकवर खाली बसले.

कमांडरांनी शलाकाला बाजूला घेतलं. "स्पष्ट बोलतो. मघाशी आवाज होता म्हणून माझी माणसं गेली. आता पुढची बाजू बसत चाललीय. जाळीत अडकून बोटीबरोबर खाली जाण्याचा धोका आहे. आत माणूस जिवंत असल्याची काही खूण असेल तर मी त्यांना पाठवीन. नसेल तर नाही पाठवणार. तुम्ही खूण देऊ शकता?"

"भोक पाडू या," ती म्हणाली.

"बोट हवेवर तरंगतेय. भोक पाडलं तर तीच हवा निघून जाईल."

"अंगठ्याएवढं. ड्रिलने, बाजूच्या पत्र्याला, झोपायच्या फळीच्या उंचीवर. ती जागा मला नेमकी माहीत आहे. पत्रा आणि गोधडी दोन्हींतून आरपार गेलं की तेवढ्यातून आवाज येईल. हाक मारायची, ऐकायचं आणि लगेच खुंटी ठोकायची."

"आणि नाक तेवढ्यात खाली गेलं तर?"

"मग तो जिवंत असला तरी मी मारला," शलाका म्हणाली. "पण भोक न पाडताही तो मरणारच आहे."

कमांडरांनी समुद्राकडे पाहिलं, सातेरीकडे पाहिलं. मग ड्रिल मागवलं.

या वेळी ती पुढच्या बाजूला उतरली. पाणी तिच्या कंबरेशी लागत होतं. पत्र्याच्या शिवणीवरून वीत मोजत तिने जागा दाखवली. ड्रिलची किंचाळी सुरू झाली; पोलादाचा चुरा, मग काचेची पांढरी भुकटी, मग काळं रबर, त्यात चकाकणारे मणी. शेवटचा टणक थर काही केल्या सुटेना. पाणबुड्याने अंगाचा भार टाकला. ड्रिल एकदम आत गेलं आणि त्याने ते उपसताच शिट्टी वाजू लागली.

कोंडलेली हवा बाहेर पडत होती. गरम, डिझेलचा आणि माशांचा वास असलेली. भोकाशी तोंड नेऊन शलाका ओरडली, "दादा! दादा रे!" आणि कान लावला. शिट्टीशिवाय काही नाही. पुन्हा ओरडली. शिट्टी. तिच्या पायाखाली बोट किंचित सरकली, पाणी कंबरेवरून पोटावर आलं.

"खुंटी!" वरून कमांडर ओरडले. "बास! खुंटी मारा!"

पाणबुड्याने खुंटी भोकाशी नेली.

आणि शिट्टी थांबली.

खुंटी अजून बाहेरच होती. पाणबुड्या हातातल्या लाकडाकडे बघतच राहिला. शलाकाने त्याचा हात बाजूला सारला आणि भोकात पाहिलं. आतून कोणीतरी भोक बुजवलं होतं. पत्र्याच्या कडेपाशी, भुकटीने माखलेलं, एका माणसाचं बोट होतं.

तिने आपल्या बोटाचं टोक त्याला लावलं. ते हललं. मग आत ओढलं गेलं, शिट्टी परत सुरू झाली, आणि त्या शिट्टीबरोबर, फाटलेला, ओळखू न येणारा एक आवाज आला.

"मंजू?"

"मंजू वर आसा!" ती ओरडली. "सुखरूप आसा! दादा, माणसा येतत. खुंटी मारतंय. जागचो हलू नको!"

तिने स्वतःच खुंटी ठोकली. पहिला घाव तिच्याच बोटावर बसला. ती मान वर करून काही सांगणार, त्याआधीच दोन्ही पाणबुडे पाण्याखाली गेले होते.

त्यानंतरचा वेळ तिला पुढे कधी नीटसा सांगता आला नाही. तिला दोराने वर ओढलं, कोणीतरी तिच्या अंगावर टॉवेल टाकला. सातेरीचं नाक खाली जात राहिलं आणि पंखा आकाशाकडे उचलला गेला. कमांडरांचा हात दोर ओढायच्या खुणेसाठी वर होता. तो खाली येत नव्हता. मग पाणी फुटलं. एक पाणबुड्या, दुसरा, आणि त्यांच्या मध्ये तिचा भाऊ, जाळीचा एक तुकडा अजून पायात घेऊन.

सातेरी काही वेळाने गेली. बुडतानाही तिने आवाज केला नाही.

दिगंबर डेकवर पडला होता. तर्जनीचं कातडं पत्र्याच्या कडेने सोललं होतं, दोन्ही मुठी सुजून निळ्या झाल्या होत्या. बाबा त्याचे पाय मांडीवर घेऊन चोळत बसले होते. शलाका जवळ आली तेव्हा त्यांनी मान वर केली नाही. तिने 'मागे जा' म्हटल्याचं दुखणं आता घरात राहायला आलं होतं. किती दिवस, ते तिला ठाऊक नव्हतं.

"मी ठोकत होतो," दिगंबर म्हणाला. प्रत्येक शब्दामागे त्याला थांबावं लागत होतं. "सगळा वेळ ठोकत होतो, शला. तुम्ही वर चालताना मला बोट हलल्यासारखी वाटायची. पण तुम्ही एकदाही..." त्याने डोळे मिटले. "मला वाटलं, सोडून गेलात."

तिने त्याची सुजलेली मूठ हातात घेतली.

फोन वाजत होता. विद्वांसच असणार. तिने तो वाजू दिला. उन्हाने पाणी पांढरं झालं होतं, आणि त्या पाण्यावर या क्षणी तिच्या गोधडीच्या कितीतरी बोटी होत्या. दारं लावलेल्या, थंड, शांत. खाली माणसं सुखाने झोपलेली.

ती जहाजाच्या रेडिओपाशी गेली. "मला सगळ्या बोटींशी बोलायचंय," ती कमांडरांना म्हणाली. "मी कंपनीच्या वतीने बोलत नाही. उद्या मी तिथे नसेनही."

कमांडरांनी रेडिओ तिच्या हातात दिला.

"मी शलाका तारी बोलतेय," ती म्हणाली. "ज्यांच्या बोटीला माझी गोधडी लावलेली आहे त्यांनी ऐका. सातेरी उलटली होती. माणसं आत जिवंत होती आणि आम्हाला ऐकू येत नव्हती. ते माझ्या अस्तरामुळे. आत्ताच्या आत्ता केबिनची दारं उघडा. ड्रिल घ्या, छिन्नी घ्या, जे हाताशी असेल ते घ्या. बोटीच्या प्रत्येक कप्प्यात, बाहेरच्या भिंतीवर, तळहाताएवढी गोधडी खरवडून काढा. खालचा पत्रा उघडा पडेपर्यंत. काढून झालं की मला सांगा."

बराच वेळ रेडिओवर नुसती खरखर होती. मग एकजण म्हणाला, "कशासाठी गो? इतके पैशे मोजून लावली ती?" दुसऱ्या बोटीवरून कोणीतरी त्याला गप्प केलं. पुन्हा खरखर. मग आचऱ्याकडच्या एका बोटीवरून आवाज आला, "केलंय." विजयदुर्गाकडून, "आमीव केलंय. फुडे आणि मागे." मग आणखी एक. प्रत्येक वेळी ती बोटीचं नाव विचारत होती आणि नाव ऐकल्यावर मान हलवत होती.

शेवटी एक म्हातारा तांडेल बोलला. त्याच्या आवाजामागे हातोडीचे घाव ऐकू येत होते.

"पत्रो उघडो केलंय, गो. पण हात लावतंय तर चटको बसता."

"बसांदे," शलाका म्हणाली. "आता फुडच्या केबिनीत जावा."